सेंट अँड्र्यूजची वालुकाभूमी

गोल्फ हा धनिकांचा खेळ, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आमचीही होती. परंतु या खेळाचे माहेरघर मानले जाणारे स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील ‘ओल्ड कोर्स’ हे मैदान गावाच्या सामाईक जमिनीतून निर्माण झाले, हे वाचून आम्हांस नवल वाटले.

समुद्र आणि शेते यांच्यामध्ये तेथे वाळूचा उंचसखल पट्टा आहे; अशा पट्ट्यास तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. तेथे नांगर चालत नाही. गवत मात्र उगवते, आणि मेंढ्या व ससे ते कुरतडून आखूड राखीत. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी उकरलेल्या जागांचेच पुढे ‘बंकर’ झाले, असे सांगतात. वाळूचे असे शंभराहून अधिक खड्डे या मैदानावर आहेत. त्यांतील एकाचे नावच ‘नरक’ आहे!

१४५७ साली राजा दुसरा जेम्स याने, तिरंदाजीचा सराव मागे पडतो म्हणून, गोल्फवर बंदी घातली. ती टिकली नाही. १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टन यांनी या भूमीवर ससे पाळण्याची मुभा घेतली, तेव्हा तेथे खेळण्याचा नागरिकांचा हक्क त्यांनी लेखी मान्य केला.

या हक्काची खरी कसोटी पुढेच लागावयाची होती. कर्जात बुडालेल्या नगरपरिषदेने १७९७ साली ही जमीन विकली आणि सशांचे व्यापारी तेथे आले. बिळांनी मैदानाची चाळण झाली. गावकरी खवळले, तंटे झाले, दावे वर्षानुवर्षे रेंगाळले. अखेर १८२१ साली जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने ती भूमी विकत घेऊन खेळासाठी राखली. १८९४ च्या कायद्याने ती पुन्हा गावाच्या हाती आली.

येथे पूर्वी एका डावात बावीस खळगे खेळत. १७६४ साली ते अठरा केले. तोच आकडा पुढे जगाने स्वीकारला. येथील सात हिरवळींवर दोन दोन खळगे आहेत, एक जातानाचा व एक येतानाचा. गणिताची आवड असणाऱ्यांनी त्यांच्या क्रमांकांची बेरीज करून पाहावी: दुसरा व सोळावा, तिसरा व पंधरावा, प्रत्येक जोडीची बेरीज अठराच!

मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडल्यास रविवारी येथे खेळ बंद असतो. त्या दिवशी गावातील माणसे मुलाबाळांना व कुत्र्यांना घेऊन याच गवतावरून फिरावयास जातात.