डिस्क हलते, विंडोज अडतं

निपाणीत संगणक दुरुस्तीचं काम करताना एक वाक्य कायम कानावर पडतं: ‘डिस्क तीच हाय न्हवं? मग दुसऱ्या मशीनला लावा की, चालू हुईल.’ वळवाच्या पावसात वीज वरखाली होते, मदरबोर्ड जातो आणि हार्ड डिस्क शाबूत राहते. मग ती काढून दुसऱ्या डब्यात बसवणं कुणालाही सुचतं.

ऐन लग्नसराईत इथल्या एका छापखान्यात तेच झालं. डिस्क बसवली. विंडोज ७ ची खूण क्षणभर दिसली, मग निळा पडदा, मग रीस्टार्ट, पुन्हा तेच. मला बोलावणं आलं तेव्हा मालकांना वाटत होतं की डिस्कही गेली. डिस्क ठणठणीत होती. जुन्या बोर्डावर ती आयडीई पद्धतीने चालायची, नवा बोर्ड एएचसीआय पद्धतीवर होता. आयडीईवर टाकलेलं विंडोज ७ एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीला उघडतच नाही, त्यामुळे ज्या डिस्कवरून ते सुरू व्हायचं तीच त्याला वाचता येत नाही. बायोसमध्ये आयडीई निवडताच विंडोज उघडलं.

विंडोज १० आणि ११ याबाबत बरीच समजूतदार आहेत. नवं हार्डवेअर पाहून ड्रायव्हर बहुधा स्वतःच जुळवून घेतात. लिनक्स तर सहसा कुरकुरही करत नाही. तरी तीन ठिकाणी गाडी अडते.

पहिलं, बूटची पद्धत. जुनी डिस्क एमबीआर धाटणीची असेल आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआय मानत असेल, तर डिस्क दिसते पण मशीन सुरू होत नाही. विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे. बॅकअप घेऊन त्याने डिस्कची धाटणी बदलता येते.

दुसरं, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क मालकाच्या नकळत कुलूपबंद झालेली असते. दुसऱ्या मशीनला लावली की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. बहुतेक वेळा ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. कुठेच नसेल, तर आतलं काही वाचवता येत नाही. मलाही नाही, बेळगाव-कोल्हापूरच्या मोठ्या दुकानदारालाही नाही.

तिसरं, परवाने. मशीनसोबत आलेलं ओईएम विंडोज त्याच मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल विंडोज नव्या मशीनवर नेता येतं. तंबाखूच्या वखारीपासून कापडदुकानापर्यंत सगळीकडे असलेल्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवानाही मशीनशी जोडलेला असतो. तो जुन्या मशीनवर सरेंडर करून नव्यावर ॲक्टिव्हेट करावा लागतो. नाहीतर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं आणि महिन्यातल्या मोजक्याच तारखांच्या नोंदी घेतं. मार्चअखेरीला हे परवडत नाही.

आपल्या सीमाभागात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पत्रिका मराठीत आणि पंचायतीचा अर्ज कन्नडमध्ये, म्हणजे एकाच डिस्कवर मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी अशी दोन्ही सॉफ्टवेअरं. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेला मजकूर ते फॉन्ट नसलेल्या मशीनवर निव्वळ गिचमीड दिसतो. म्हणून फॉन्ट फोल्डर आणि इन्स्टॉलेशनच्या फाइली आधी कॉपी करा, श्रीलिपीचा डोंगल असेल तर तो जपून ठेवा.

वर सांगितलेली जवळपास सगळी कामं जुनं मशीन चालू असतानाच होतात: टॅली सरेंडर करणं, रिकव्हरी की लिहून घेणं किंवा बिटलॉकर बंद करणं, फॉन्ट काढून ठेवणं, बूटची पद्धत पाहणं. म्हणून मशीन कुरकुरायला लागलं की त्याच आठवड्यात ती उरका. डिस्क काढण्याआधी शिफ्ट दाबून शट डाउन करा. एरवी फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि डिस्क अर्धवट उघडी राहते.

आणि मशीन आधीच मेलं असेल तर? त्या डिस्कवरून विंडोज सुरू करण्याचा हट्ट सोडा. नव्या मशीनवर विंडोज नव्याने टाका, जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून पेनड्राइव्हसारखी जोडा. ‘फॉरमॅट करू का?’ किंवा ‘इनिशियलाइझ करू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा. फोल्डर उघडताना परवानगी मागितली तर द्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे यूजर्स फोल्डरमध्ये असतात. टॅलीचा डेटा आणि आउटलुकची पीएसटी फाइल वेगळी शोधा. सगळं उतरवून, उघडून पाहिल्यावरही जुनी डिस्क निदान एक हिशेबी वर्ष तरी पुसू नका. विंडोज पुन्हा टाकायला अर्धा दिवस लागतो. गिऱ्हाइकांची वर्षानुवर्षांची कामं आणि खातेवही मात्र कुठल्याच दुकानात विकत मिळत नाहीत.