मृदू पाण्यातले श्रिंप आणि बागेतले मोरचूद

कोकणातल्या जांभ्याच्या विहिरींचे पाणी मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. निऑन टेट्रा, एम्बर टेट्रा, चिली रासबोरा या माशांना ते मानवते. जून लागला की टाकीचे पाणीही तिशीच्या खाली येते. या माशांसोबत बुटके श्रिंप सोडायचे असतील तर हाच हंगाम धरावा. चेरी श्रिंप घ्यावेत. क्रिस्टल रेड श्रिंपला 20 ते 24 अंश तापमान लागते. चिलर नसेल तर त्याच्या नादी लागू नये.

पाऊस फुकट मिळतो म्हणून पागोळ्यांखालची बादली थेट टाकीत ओतू नका. त्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. श्रिंप वाढताना कात टाकतो आणि नवे कवच घट्ट व्हायला त्याला कॅल्शियम लागते. ते कमी पडले किंवा पाणी एकदम बदलले, की डोके आणि शेपटीकडचा भाग जुळतो तिथे भोवताली पांढरी रेघ उमटते. असा श्रिंप बहुधा वाचत नाही. चेरीसाठी एकूण कठीणता 6 ते 8 अंश ठेवा आणि आठवड्याला दहावा हिस्साच पाणी बदला. तळाशी काचेसारखी रिकामी कात दिसली तर मेलेला समजून उचलू नका, श्रिंप तीच खातो.

मासा तोंडात मावेल ते खाणारच. एंजल, गुरामी, फायटर नकोतच. पण बोटाच्या पेराएवढा रासबोराही नुकती सुटलेली पिल्ले टिपतो. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली तीन-चार आठवडे वागवते, ती मेहनत वाया जाऊ नये म्हणून जावा मॉसचा दाट गुंता हवा. फिल्टर स्पंजचाच. वीज जाते, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या.

आता खरे दुखणे. याच दिवसांत सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात. त्यातल्या मोरचुदात तांबे असते, आणि मृदू पाण्यात तांब्याचे विष अधिक चढते. मासे तगतात, श्रिंप जातात. माझे चाळीसेक श्रिंप फवारणीची बादली नुसती विसळून वापरल्याने एका रात्रीत गेले. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरच्या काही औषधांतही तांबे असते. आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढूनच औषध द्या. टाकीची बादली वेगळी ठेवा, तिच्यावर रंगाने खूण करा आणि फवारणीच्या गड्यालाही ती दाखवून ठेवा.