रमजानात गेलो, हात हलवत आलो

एप्रिल २०२३. तासगावात नवा बेदाणा आला होता आणि त्या वर्षी रंगही झकास उतरला होता. हिरव्या-पिवळ्या मालाची पाव-पाव किलोची पाकिटं बॅगेत टाकली, दुबईचं तिकीट काढलं आणि निघालो. आपला हंगाम तोच आपला मुहूर्त, एवढाच माझा हिशेब. समोरच्याचाही काही हंगाम असतो हे डोक्यातच आलं नाही. रमजानचे शेवटचे दिवस चालू होते.

देरा भागातला अल रास हा मसाले आणि सुक्या मेव्याचा जुना घाऊक बाजार. शेजारी खाडी, तिच्यात इराण-सोमालियाकडे निघालेली लाकडी गलबतं. दुपारी दोनला पोचलो तर निम्मी दुकानं बंद. हा बाजार रात्री जागा होतो, इफ्तार आणि नमाज उरकल्यावर, हे मला तिथल्या एका हमालाने सांगितलं.

रात्री दहाला एका म्हाताऱ्या इराणी व्यापाऱ्याने पाकीट पांढऱ्या कागदावर ओतलं. बोटाने दाणे पसरून काड्या किती राहिल्यात ते पाहिलं, एक दाणा चिमटीत दाबला, मग मूठभर बेदाणा नाकाशी नेला. "गंधक," एवढंच म्हणाला. पिवळा रंग खुलावा म्हणून आपण धुरी देतो, पण त्या वासाची नाकाला इतकी सवय की मला तो कधी आलाच नव्हता. नंतर त्याने हिंदीत भाव विचारला: टनाचा, डॉलरमध्ये, जेबेल अली बंदरात पोच. माझ्याकडे होता तासगावचा, किलोचा, रुपयांतला. मी मोबाइल काढून गुणाकार करू लागलो तशी त्याने चहा मागवला. चहा येईपर्यंत माझं उत्तर निघालं नव्हतं. "रमजानची खरेदी तीन महिन्यांपूर्वीच झाली. ईदनंतर या," तो म्हणाला. ईदनंतर मी तासगावात असणार होतो.

दुसरी भेट ठरवली होती शुक्रवारी दुपारी तीनला! अमिरातीत २०२२ पासून सरकारी आठवडा शुक्रवारी दुपारीच संपतो, आणि त्याच दुपारी जुम्म्याची नमाज असते. कुलूप पाहून परत आलो.

तेव्हा तिकिटाआधी त्यांचं कॅलेंडर घ्या. सण, साप्ताहिक सुट्टी, खरेदीचे महिने. भावाचा कागद घरीच करा: पॅकिंग, न्हावा शेवापर्यंतचं भाडं, कस्टम एजंटचा खर्च, जहाजभाडं, विमा, आणि शेवटी टनाला डॉलर किती. नमुना वेचून काढलेला नेऊ नका. मी नेला होता, आणि ऑर्डर मिळाली नाही हे नशीबच म्हणायचं. तसा माल कंटेनरभर कुठून आणला असता? ज्या लॉटमधून माल जाणार त्यातलाच नमुना घ्या, सोबत गंधकाच्या अंशाचा प्रयोगशाळेचा अहवाल. उधारीवर माल मागितला तर होकार देण्याआधी निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवणाऱ्या ईसीजीसी या सरकारी कंपनीकडे चौकशी करा.

एक दिवस मात्र सत्कारणी लागला, तोही भेटी फसल्या म्हणून. सुपरमार्केटच्या फळ्यांपुढे दोन तास वही घेऊन उभा राहिलो. इराणी, तुर्की, अफगाणी बेदाणा, पाकिटाचं वजन, दर, अरबी लेबल, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख. पहिल्या फेरीत एवढंच करायचं असतं असं आता माझं मत झालंय. दुबईचा व्यापारी बराच माल पुढच्या देशांना पाठवतो, म्हणून त्याला दरापेक्षा आधी 'माल जातो कुठे' हे विचारावं.

आणि रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लागेल. त्याचे सौदे दिवाळीच्या आसपास होतील. तेव्हा आपल्या बागांत नुकतीच छाटणी झालेली असते, विकायला असतो तो कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा. त्यातला चांगला लॉट आत्ताच बाजूला काढून ठेवा.