फॉरमॅट मारण्याआधी

घरचा कॉम्प्युटर हळू चालायला लागला किंवा नको त्या जाहिराती दाखवायला लागला, की आपल्याकडे एकच सल्ला मिळतो: "फॉरमॅट मारा." सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा कुणी सांगत नाही, म्हणून तीच माणसं तोच त्रास घेऊन वर्षभरात पुन्हा दुकानाच्या पायऱ्या चढतात. माझ्या लॅपटॉपमध्ये पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम शिरला, तेव्हा मला तो उरलेला अर्धा शिकावा लागला.

मी सांगलीत घरूनच काही छोट्या दुकानदारांचे हिशेब बघते. टॅली, जीएसटी, आयकराचे रिटर्न. त्यामुळे माझ्या लॅपटॉपमध्ये माझं कमी आणि लोकांचंच जास्त असतं: पॅन, आधारच्या प्रती, बँकेची स्टेटमेंट, पोर्टलचे लॉगिन. लॅपटॉप जुना झाला म्हणून एका दुकानात देऊन त्यात एसएसडी टाकून घेतली. परत आला तेव्हा झकास चालत होता. विंडोज नवी, ऑफिस नवं, पीडीएफचा प्रोग्रॅमसुद्धा टाकून दिलेला.

काही महिन्यांनी एक विचित्र गोष्ट सुरू झाली. लॅपटॉप नुसता उघडा ठेवला तरी पंखा जोरात फिरायचा आणि खालची बाजू चटका बसावा इतकी तापायची. काय चाललंय बघायला टास्क मॅनेजर उघडला, की दोन-चार सेकंदांत सगळं शांत. तो बंद केला, की पंखा पुन्हा सुरू. हे लक्षण नीट लक्षात ठेवा. दुसऱ्याच्या विजेवर आणि प्रोसेसरवर चोरून क्रिप्टो कमावणारे काही प्रोग्रॅम टास्क मॅनेजर उघडला की मुद्दाम थांबतात, म्हणजे आपल्याला काही दिसत नाही. धूळ बसलेला पंखा असा वागत नाही.

त्याच सुमारास एका किराणा दुकानदाराचा फोन आला. "वहिनी, आयकराच्या साइटचा ओटीपी आलाय. तुम्ही मागवला काय?"

मी मागवला नव्हता. कुणालाही सांगू नका, असं त्यांना सांगितलं आणि पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, आधी वायफाय बंद कर. आणि त्या लॅपटॉपवर आता एकही पासवर्ड टाकू नकोस. बदलायचा म्हणूनसुद्धा नाही."

हे दुसरं वाक्य सगळ्यांनी पाठ करून ठेवावं असं मला वाटतं. घाबरलेला माणूस पहिल्यांदा पासवर्ड बदलायला धावतो, तेही त्याच मशीनवर. चोर आत बसलेला असेल तर नवा पासवर्डही त्याच्याच हातात पडतो. तेव्हा हे काम मोबाइलवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ मशीनवरूनच करायचं. आधी ई-मेल, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. मग बँक, मग सरकारी पोर्टल, मग बाकीचं.

पासवर्ड बदलूनही भागत नाही. रेडलाइन, लुमा अशा नावांचे हे चोरटे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड तर नेतातच, शिवाय 'कुकीज'ही नेतात. आपण जीमेल एकदा उघडलं की रोज पासवर्ड विचारला जात नाही, ते या कुकीमुळे. ती दुसऱ्याच्या हाती गेली, की तो पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही न देता आपल्या खात्यात शिरू शकतो. म्हणून प्रत्येक खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' करायचं. जीमेलमध्ये आपली पत्रं परस्पर दुसरीकडे पाठवणारं फॉरवर्डिंग किंवा अनोळखी फिल्टर कुणी लावून ठेवलेला नाही ना, तेही बघायचं. ही चोरी किरकोळ नाही. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये इतरांच्या मदतीने लुमाचं जाळं तोडलं, तेव्हा आधीच्या दोनच महिन्यांत जगभरातल्या ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज कॉम्प्युटरमध्ये लुमा सापडल्याचं जाहीर केलं होतं.

आता मुख्य प्रश्न. विंडोजमधला डिफेंडर हा अँटिव्हायरस चालू होता, हिरवी खूण दाखवत होता, मग तो गप्प का बसला? भाचा रविवारी घरी आला आणि त्याने मला एक पान उघडून दाखवलं. विंडोज सिक्युरिटी, त्यात व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात मॅनेज सेटिंग्ज, आणि तिथे खाली 'एक्स्क्लूजन्स'. ज्या जागा तपासायच्याच नाहीत असं डिफेंडरला सांगितलेलं असतं, त्यांची ही यादी. सर्वसाधारण घरच्या मशीनवर ती रिकामी असायला हवी. माझ्याकडे तिथे अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला होता. पहारेकरी जागेवर होता, पण त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं.

हे कुणी केलं, ते पुढच्या पानावर कळलं. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर लिहिलं होतं, की ही विंडोज 'तुमच्या ऑर्गनायझेशनच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिस'ने चालू झालेली आहे. घरच्या लॅपटॉपवर हे वाक्य दिसलं, की समजून जायचं. मोठ्या कंपन्यांसाठी मायक्रोसॉफ्टने केएमएस नावाची सोय ठेवलेली आहे. कंपनीच्या आतला एक सर्व्हर सगळ्या मशीनना १८० दिवसांची मुदत देतो आणि मशीन ती अधूनमधून त्याच्याकडून वाढवून घेतात. परवाना न घेता विंडोज चालू करून देणारे चोरीचे ॲक्टिव्हेटर हा सर्व्हर आपणच असल्याचं सोंग करतात. डिफेंडर त्यांना पकडतो, म्हणून ते चालवण्याआधी त्यालाच बाजूला सारावं लागतं. एकदा ते दार उघडं राहिलं, की ॲक्टिव्हेटरबरोबर आणखी काय आत आलं याला धरबंध नाही. शिवाय अशा विंडोजचे अपडेटही बऱ्याचदा बंद करून ठेवतात. माझ्याकडे तेही बंद होते. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने मे २०१७ मध्ये जगभरातल्या रुग्णालयांपासून कारखान्यांपर्यंत हाहाकार उडवला, त्या भगदाडावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच देऊन ठेवली होती. जे अडकले त्यांतल्या बहुतेकांनी ती घेतलेली नव्हती.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती यापुढच्या गोष्टीची. या चोरीच्या विंडोजची मला गरजच नव्हती. विंडोज ८ आल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजसह विकल्या जाणाऱ्या ब्रँडेड लॅपटॉपमध्ये परवान्याची किल्ली कारखान्यातच मदरबोर्डच्या चिपमध्ये लिहिलेली असते. माझा लॅपटॉप 'होम सिंगल लँग्वेज'चा होता, आपल्याकडचे बरेचसे तसेच असतात. दुकानात त्यावर 'प्रो' टाकली. चिपमधली किल्ली प्रोला लागत नाही, म्हणून मग ॲक्टिव्हेटर. मूळ होमच टाकली असती, तर तिने इंटरनेटला जोडल्यावर स्वतःची किल्ली स्वतः शोधली असती. मी विकत घेतलेला परवाना लॅपटॉपच्या पोटात तसाच पडून होता. दुकानातल्या मुलाला दिवसाला कितीतरी मशीन उरकायची असतात, एकाच पेनड्राइव्हवरून तो सगळ्यांना तेच टाकतो, हे मला कळतं. पण ज्यांचे पॅन आणि आधार त्या लॅपटॉपमध्ये होते, त्यांना हे कसं समजावणार?

साफसफाईबद्दल माझं मत आता ठाम आहे. नुसत्या जाहिरातींचा त्रास असेल, कोपऱ्यात 'तुमचा अँटिव्हायरस संपला' असे चौकोन येत असतील, तर बऱ्याचदा तो व्हायरस नसतोच. कुठल्यातरी साइटला आपण 'अलाउ' म्हटलेलं असतं. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये जाऊन नोटिफिकेशन्सच्या यादीतली अनोळखी नावं काढली, नको ती एक्स्टेन्शन काढली, की काम झालं. त्यापलीकडचा संशय असेल तर डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन करावं. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपलेल्या प्रोग्रॅमला चकवा देणं अवघड जातं. साधारण १५ मिनिटं लागतात. दुसरं मत हवं असेल तर मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती आहे, ईसेटचं ऑनलाइन स्कॅनर आहे, आणि केंद्र सरकारच्या सर्ट-इनने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही फुकट साधनं मिळतात. मात्र पासवर्ड चोरीला गेल्याची खूण असेल, तर स्कॅन स्वच्छ आला म्हणून थांबू नका. तिथे विंडोज नव्याने टाकणं हाच मार्ग.

आणि ती टाकण्यातच गोम आहे. दुकानात बहुधा फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो. डी तसाच राहतो, आणि त्यात 'सॉफ्टवेअर' नावाचं फोल्डर असतं. माझ्याकडेही होतं, आणि ॲक्टिव्हेटर त्यातच होता. नवी विंडोज टाकल्यावर कुणी तो पुन्हा चालवला, की मागचं सगळं पुढे चालू. म्हणून आम्ही आधी कागदपत्रं, फोटो आणि टॅलीचा डेटा एवढंच बाहेर काढलं. कुठलाही सेटअप नाही, अनोळखी झिप नाही. फाइलच्या नावाचं शेपूट दिसेल अशी सेटिंग आधी चालू केली, कारण 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल एरवी नुसती 'बिल डॉट पीडीएफ' दिसते. मग भाच्याने स्वतःच्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला. ते फुकट आहे. टाकताना सी आणि डी दोन्ही पुसले. विंडोजने कुठलीही किल्ली न मागता होम आवृत्ती निवडली आणि नेट जोडताच ती ॲक्टिव्हेट झाली.

एवढं झाल्यावर अँटिव्हायरस कुठला, हा प्रश्न येतो. लोक तिथून सुरुवात करतात, मी त्याला शेवटी ठेवते. विंडोज अधिकृत असेल, अपडेट चालू असतील, तर बहुतेक घरांना डिफेंडर पुरतो. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्था प्रमुख अँटिव्हायरसच्या परीक्षा घेऊन निकाल सगळ्यांसाठी खुले ठेवतात. त्यांत गेली काही वर्षं डिफेंडर पैसे देऊन घेतलेल्यांच्या बरोबरीने दिसतो. त्याची एक उणीव आहे: तो इंटरनेटवरच्या माहितीवर बराच विसंबतो, नेट नसताना त्याची पकड सैल होते. ज्यांच्याकडे नेट जेमतेम आणि झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेले पेनड्राइव्ह रोज लागतात, त्यांनी पैसे देऊन दुसरा घ्यायला हरकत नाही. पुण्याच्या काटकर बंधूंचा क्विक हील तर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. कुठलाही घ्या, पण निकाल स्वतः बघा, आणि एका वेळी एकच ठेवा. दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या पायात पाय घालतात.

फुकटातले अँटिव्हायरस घेताना ते पैसे कुठून मिळवतात ते विचारा. अवास्टने आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याबद्दल १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. सुरक्षेसाठी घेतलेल्या प्रोग्रॅमनेच ही माहिती विकावी, ही गोष्ट मला माफ करता येत नाही. विकतचा ऑनलाइन घेत असाल तर पहिल्या वर्षाची किंमत आणि नूतनीकरणाची किंमत दोन्ही वाचा, आणि आपोआप पैसे कापण्याची संमती द्यायची की नाही ते आधी ठरवा. स्क्रीनभर आलेल्या इशाऱ्यावरून काहीही विकत घेऊ नका आणि त्यावरच्या नंबरला फोन करू नका. पलीकडचे लोक एनीडेस्क, म्हणजे दुरून आपला कॉम्प्युटर चालवू देणारा प्रोग्रॅम, चालू करायला सांगतात आणि पुढे बँक खातं रिकामं होतं. पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा.

विंडोज १० वर असाल, तर अँटिव्हायरसच्या आधी तो विषय मिटवा. तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षेसाठी नोंदणी करता येते किंवा मशीनला झेपत असेल तर ११ वर जाता येतं. भगदाडं उघडी ठेवून वरून अँटिव्हायरस लावण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जड काम होतं ते दुकानदारांना फोन करण्याचं. मी प्रत्येकाला स्वतः फोन केला: तुमच्या पोर्टलचा पासवर्ड माझ्या मशीनवरून गेलेला असू शकतो, आत्ता मोबाइलवरून बदला, तुमच्या पॅनवर कुणी कर्ज काढलंय का ते क्रेडिट रिपोर्टमध्ये तपासत राहा. दोघं चिडले, आणि त्यांचं चुकलं नाही. दुसऱ्याची कागदपत्रं ज्यांच्याकडे असतात त्या सगळ्यांना, सोसायटीच्या खजिनदारांना, क्लासवाल्यांना, एजंटांना, माझी विनंती आहे: असं काही झालं तर लपवू नका. समोरच्याला जितकं लवकर कळेल तितकं त्याला सावरता येतं. माझे सगळे पासवर्ड आता पासवर्ड मॅनेजरमध्ये आहेत, जिथे जमेल तिथे ओटीपीची दुसरी पायरी चालू आहे, आणि डेटाची एक प्रत दर शनिवारी बाहेरच्या ड्राइव्हवर घेऊन तो ड्राइव्ह काढून कपाटात ठेवते.

दुरुस्तीला मशीन देताना आता मी एका कागदावर लिहून देते: मूळचीच होम आवृत्ती टाकावी, कुठलाही ॲक्टिव्हेटर चालवू नये, डिफेंडर बंद करू नये. परत घेताना काउंटरवरच ॲक्टिव्हेशनचं पान, अपडेटचं पान आणि एक्स्क्लूजन्सची यादी उघडते. पाच मिनिटं लागतात. पैसे त्यानंतर.