एवढ्याशा डबक्यात गेटवे मावतो कसा?

प्रश्न : पाऊस थांबल्यावर गेटवे ऑफ इंडियासमोरच्या फरसबंदीवर पाणी साचलं होतं. त्यात अख्खा गेटवे टिपावा म्हणून मोबाइल काढला, तर गढूळ पाणी आणि आभाळाचा तुकडा एवढंच आलं. इतरांच्या फोटोंत पूर्ण इमारत कशी येते? मोठं डबकं शोधावं लागतं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : डबकं लहान असलं तरी चालेल, कॅमेरा खाली न्यायला हवा. उभं राहून पायाजवळच्या पाण्यात पाहिलं की डोक्यावरचं आभाळ दिसतं, तेही फिकं. सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के पाणी परत पाठवतं. बाकीचा आत शिरतो आणि तळाचा चिखल दाखवतो. पृष्ठभागाशी १० अंशांचा तिरपा कोन करून येणारा प्रकाश मात्र ३५ टक्क्यांच्या आसपास परततो. म्हणून इमारतीपासून थोडं लांब जा; प्रतिबिंब ठसठशीत होतं.

आता उंचीचा हिशेब पाहा. गेटवे २६ मीटर उंच आहे. त्यापासून ५० मीटरवर उभं राहून मोबाइल दीड मीटर उंचीवर धरला, तर माथ्यापासून जमिनीवरच्या दोन मीटरपर्यंतचा भाग दिसायला सुमारे १९ मीटर लांब डबकं लागेल. तोच मोबाइल पाण्यापासून पाच सेंटिमीटरवर आणला की माथा मोबाइलपासून दहा सेंटिमीटरवर उमटतो आणि एवढी सगळी इमारत सव्वा मीटरच्या पाण्यात मावते. त्यासाठी मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या कडेला येते.

फोकस पाण्यावर करू नका. आरशातल्यासारखंच आहे हे : पाण्यातली कमान कॅमेऱ्याच्या दृष्टीने खऱ्या कमानीइतकीच लांब असते. पृष्ठभागावरच्या पानावर फोकस गेला, तर कमान धूसर होते. स्क्रीनवर प्रतिबिंबातल्या कमानीवर बोट टेकवा आणि उजेड किंचित कमी करा. कॅमेऱ्यावर पोलरायझर असेल तर तो काढा; चकाकी घालवताना तो प्रतिबिंबही पुसून टाकू शकतो. वाऱ्याची फार काळजी नको. शेजारचा समुद्र खवळलेला असला, तरी छोट्या डबक्यात लाटा उठायला वाऱ्याला जागाच मिळत नाही.

पायाला जखम असेल, तर साचलेल्या पाण्यात उतरू नका; लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. रहदारीच्या रस्त्यावर तर बसूच नका.

एवढं जमलं की फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३२ सालचा, पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागचा फोटो मिळवून नीट पाहा. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी घेतोय. टाच पाण्याला टेकायला निमिषभर बाकी आहे, खाली त्याचीच उलटी आकृती. मागच्या पोस्टरवरची नर्तकीही तशीच झेपावते आहे आणि तीही पाण्यात उतरली आहे. नुसती इमारत दुप्पट करून दाखवणारा फोटो एकदा पाहून पुरतो. त्या पाण्यावरून कुणी जाऊ लागलं, की दोन प्रतिमांमध्ये नातं तयार होतं. तेव्हा चौकट आधी ठरवा, फोकस लावून ठेवा आणि छत्री मिटत येणाऱ्या, उडी मारून पाणी ओलांडणाऱ्या माणसाची वाट पाहा. खरं छायाचित्रण त्या थांबण्यात आहे.