आधी पाय मोज, मग सिलिंडर घे

बयो, तुझ्या मस्टँगला पुढे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवतेयस ना, मग मास्टर सिलिंडरची ऑर्डर देऊ नकोस, थांब जरा. दुकानदाराने सांगितलं, मोठ्या बोअरचा, म्हणजे आतून १-१/८ इंच व्यासाचा घ्या, ब्रेक दणकट होतील, आणि तुला ते पटलंही. मोठं ते जोरदार, असं आपल्याला उगाच वाटत असतं. इथे नेमकं उलटं आहे, आणि हे तुला माझ्याशिवाय कोण सांगणार!

रंगपंचमीला आपल्याकडे दोन पिचकाऱ्या असायच्या, आठवतं? जाड पिचकारी तू दोन्ही हातांनी दाबायचीस तरी पाणी पायाशी पडायचं. बारीक पिचकारी एका हाताने दाबली की धार थेट समोरच्या गच्चीवर. जोर उलट कमी, पण पिस्टनचं तोंड लहान म्हणून दाब जास्त. मास्टर सिलिंडरचं गणितही एवढंच आहे: पायाचा जोर भागिले पिस्टनचं क्षेत्रफळ.

आता आकडे बघ. पेडल पायाचा जोर सहापट करतं असं धर, आणि तू घाबरून १०० पौंड, म्हणजे साधारण ४५ किलो जोर लावलास. पेडल ज्या दांडीने पिस्टन ढकलतं त्या पुशरॉडवर ६०० पौंड आले. १-१/८ इंचाच्या बोअरमध्ये त्याचे ६०० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला ६०० पौंड दाब होतो, १ इंचात साडेसातशेच्या वर, १५/१६ मध्ये पावणेनऊशेच्या आसपास आणि ७/८ मध्ये जवळजवळ हजार. पाय तोच, गाडी तीच, फरक फक्त बोअरचा. पण तू काही १०० पौंड लावणार नाहीस. तुझा बांधा मला ठाऊक आहे, शिवाय १९६६च्या मस्टँगची सीट कितीही पुढे घेतलीस तरी तुझा गुडघा जवळपास सरळच राहतो. ७० पौंड धरू. म्हणजे त्या दुकानदाराच्या दणकट सिलिंडरमध्ये तुझ्या वाट्याला आले चारशेवीस पीएसआय. आकडाच काय ते सांगतोय!

म्हणून म्हणते, आधी स्वतःचा पाय मोज. हे डिस्क ब्रेकचं किट बनवणारे त्यांच्या मनातल्या कुठल्या तरी धिप्पाड गड्याच्या पायाचा हिशेब धरतात. न्हाणीघरातला वजनकाटा भिंतीला उभा टेकव, समोर खुर्ची गाडीतल्या सीटच्या उंचीची ठेव आणि पायाने दाबून बघ. लाज वाटून घेऊ नकोस. आकडा कमी आला तर कमी, त्याप्रमाणे बोअर निवडायचा.

मग पेडल मोज. पेडल वर जिथे टांगलेलं असतं त्या खिळीपासून पाऊल टेकतं तिथपर्यंतचं अंतर एक, आणि त्याच खिळीपासून पुशरॉड अडकवतात त्या पिनेपर्यंतचं अंतर दुसरं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. बारा इंच आणि दोन इंच आले तर सहास एक. पायाला मदत करणारा बूस्टर नसलेल्या गाडीला सहाच्या आसपास लागतं, बूस्टर असला तर चारच्या आसपास पुरतं. पाठीवर पडून डॅशबोर्डखाली शिरावं लागेल, जुनी चादर अंथर.

तू विचारशील, ड्रमला इतकी वर्षं चाललं ते डिस्कला का नाही चालत? कारण ड्रममध्ये शू एकदा टेकला की फिरणारा ड्रमच त्याला ओढून घेतो आणि आणखी घट्ट आवळतो. बरंचसं काम चाक स्वतःच करतं. डिस्कला ही फुकटची मदत नाही. पॅड दोन्ही बाजूंनी सरळ चिमटा घेतात, आणि जेवढा दाब द्याल तेवढंच थांबवतात. हिशेब चोख, पण उधारी नाही. म्हणून दाब मुळातच जास्त लागतो. करकचून ब्रेक मारल्यावर कॅलिपरपाशी हजाराच्या आसपास पीएसआय मिळावेत.

तुझ्या गाडीत आत्ता आहे तो सिलिंडर तर ठेवायचाच नाही. तो एका कप्प्याचा आहे. चारही चाकांना एकच तेल, म्हणजे एका चाकाशी गळती झाली की पेडल थेट जमिनीला. फोर्डने मस्टँगला दोन कप्प्यांचा सिलिंडर १९६७च्या मॉडेलपासून दिला. तुझी गाडी एका वर्षाने हुकली. कॅडिलॅक आणि रॅम्बलरमध्ये तो १९६२लाच आला होता, पण ते असो. दोन कप्पे घेतलेस की पुढचे ब्रेक गेले तरी मागचे उरतात, मागचे गेले तरी पुढचे. त्यासाठी पितळेच्या ठोकळ्यापाशी एकत्र असलेल्या पुढच्या-मागच्या नळ्या वेगळ्या कराव्या लागतील, ते काम अंगावर धर. नळ्यांना डबल फ्लेअरच कर, ठासून आवळायचे कॉम्प्रेशन जोड ब्रेकला कध्धी लावायचे नाहीत. मिशिगनच्या रस्त्यांवरच्या मिठाने पोखरलेली जुनी नळी दिसली तर याच वेळी बदल.

"मग सगळ्यात बारीकच घेते की!" म्हणशील. तसंही नाही. दाब वाढला की पेडलचा प्रवासही वाढतो. समज, कॅलिपरचा पिस्टन २.६ इंची आहे आणि पॅड टेकायला तो इंचाचा पन्नासावा भाग सरकतो. दोन्ही पुढच्या चाकांना मिळून सुमारे ०.२१ घनइंच तेल लागलं. एक इंचाच्या बोअरला त्यासाठी पाव इंचाहून किंचित जास्त सरकावं लागेल, ७/८ला इंचाचा तिसरा हिस्सा आणि वर थोडं. सहाने गुणलं की पायाखाली एकात दीड इंचाहून थोडं जास्त, दुसऱ्यात दोन इंचांहून जास्त, आणि त्यात मागच्या ड्रमांचा वाटा अजून धरलेलाच नाही. फार बारीक बोअर घेतलास तर एखाद्या दिवशी पेडल तळाला टेकेल आणि गाडी अजून चालतच असेल.

माझं मत विचारशील तर बूस्टर न घेता १५/१६. तुझ्या ७० पौंडांचे सहाशेच्या वर पीएसआय होतील, आणि जिवावर बेतलं की पाय आपोआप जास्त जोर लावतो. वजनकाट्यावर ६० पौंडांच्या खाली आलीस तर ७/८. आई उन्हाळ्यात येतेय, तिच्या गुडघ्यांनी ती गाडी चालवायची नाही, पण शेजारी बसून डोळे मिटून रामरक्षा म्हणेल, तेव्हा गाडी सरळ थांबली पाहिजे.

बूस्टर घ्यायचाच असेल तर तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, आणि १८ इंच पाऱ्याच्या आसपास व्हॅक्यूम लागतो. तुझ्या २८९ इंजिनला आधीच्या मालकाने आवाजासाठी तिखट कॅमशाफ्ट घातलाय, उभी असताना गाडी कशी घोड्यासारखी हलते ते मी पाहिलंय. आधी गेज लावून बघ. व्हॅक्यूम पुरेसा असला तर १ इंच किंवा १-१/८ बोअर, कारण पायाचं काम तिथे बूस्टर करतो. दुकानदाराने जो मोठा सांगितला तो बूस्टरसाठीचाच. माणूस वाईट नाही, पण त्याने तुला गाडीत बूस्टर आहे का एवढंही विचारलं नाही, याचा मला राग आला.

आता खोका उघडल्यावर काय बघायचं ते. सिलिंडरच्या मागच्या तोंडातून पिस्टन दिसतो, त्याला खळगा असतो. बिनबूस्टरवाल्याचा खळगा खोल असतो, बूस्टरवाल्याचा उथळ. उथळ खळग्यात साधा पुशरॉड बसवलास तर तो एखाद्या धक्क्याला निसटू शकतो. बोट घालून बघ, पेनाने खोली मोज.

मग टॉर्च घेऊन झाकण काढ आणि तळाशी बघ. प्रत्येक कप्प्यात दोन भोकं दिसतील, एक ठळक आणि एक सुईने टोचल्यासारखं. त्या बारक्या भोकावर सगळा खेळ आहे. पाय काढल्यावर पिस्टन त्याच्या मागे गेलाच पाहिजे, म्हणजे गरम होऊन फुगलेलं तेल तिथून वर परत येतं. पुशरॉड केसभर लांब झाला की भोक झाकलेलं राहतं, तेल परत येत नाही, पॅड डिस्कला चिकटून राहतात, डिस्क तापते, तेल आणखी फुगतं आणि ब्रेक आपोआप आवळत जातो. ऑगस्टमध्ये तुला वुडवर्ड ड्रीम क्रूझला जायचंय ना? फर्नडेलपासून पाँटिअॅककडे गोगलगायीच्या चालीने, हजारो जुन्या गाड्यांच्या मध्ये, तिथे असा ब्रेक जाम झाला की सगळं वुडवर्ड तुझ्याकडे बघेल. म्हणून गाडीत सिलिंडर बसवल्यावर झाकण उघडं ठेव, दाजींना पेडल हळूच दाबायला सांग. सुरुवातीलाच बारक्या भोकातून तेलाची इवलीशी उकळी वर आली तर भोक मोकळं आहे. चष्मा लाव, आणि फेंडरवर जुना पंचा टाक. ते तेल रंग खातं.

अजून एक. ड्रमसाठीच्या सिलिंडरच्या तोंडात बऱ्याचदा एक व्हॉल्व लपलेला असतो, नळीत दहाएक पीएसआय दाब धरून ठेवणारा. ड्रमच्या चाकांतले रबरी वायसर भिंतीला चिकटून राहावेत, हवा आत जाऊ नये, म्हणून तो. मागच्या ड्रमला तो राहिला तरी चालेल, पण पुढच्या डिस्कला तो लागला तर पॅड कायम घासत राहतील. यू-पिन सरळ करून नळी जोडायच्या भोकात घाल; लगेच मऊ रबराला टेकली तर व्हॉल्व आहे, सरळ आत गेली तर नाही. डिस्क-ड्रमसाठीच्या सिलिंडरचा एक कप्पा मोठा असतो, तो डिस्कचा, कारण पॅड झिजतात तसं तेल कॅलिपरमध्ये उतरत जातं. कुठला कप्पा कुठल्या नळीला, हे अंदाजाने ठरवू नकोस, बरोबरचा कागद वाच.

मागच्या नळीवर दाब कमी-जास्त करायचा व्हॉल्व घाल. जोरात ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते. रविवारी सकाळी एखाद्या मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तो थोडा-थोडा फिरवून बसव.

सिलिंडर गाडीत चढवण्याआधी वाइसमध्ये आडवा धरून त्याची हवा काढ, तोंडातून आखूड नळ्या परत कप्प्यात सोडून, पिस्टन सावकाश दाबत, बुडबुडे थांबेपर्यंत. घाईने दाबलंस तर फेस होतो आणि मग दिवसभर तेच करत बसशील. तेल डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद बाटलीतलं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ वेगळं, ते ३-४च्याच जातीचं. नावं कुणी ठेवली कोण जाणे!

आणि चालवल्यावर पेडल काय सांगतंय ते ऐक. स्पंजासारखं दबलं तर हवा राहिलीय. खोल गेलं पण तिथे घट्ट झालं तर आधी मागचे शू अॅडजस्ट कर, सिलिंडरला शिव्या नंतर. दगडासारखं घट्ट आणि गाडी थांबत नाही, तर बोअर मोठा झाला, किंवा बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही.

जुना सिलिंडर दुकानात परत दिला की कोअरचे थोडे डॉलर मिळतील. देऊ नकोस. तो मूळचा फोर्डचा असला तर डबीत घालून ठेव. पुढे गाडी विकलीस तर घेणारा आधी मूळ भाग आहेत का ते विचारतो. आकडा कळला की मेसेज कर, मग दोघी मिळून ऑर्डर देऊ.