नियम का बदलतात?

कोविड-१९ च्या साथीत शाळा-महाविद्यालयांतील नियम वारंवार बदलले. आधी हात धुवा आणि अंतर ठेवा, मग मुखपट्टी बांधा, पुढे खिडक्या उघडा! "शास्त्रज्ञांना नक्की माहीत आहे तरी काय?" असे अनेकांनी तेव्हा विचारले. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी एक उदाहरण पाहू.

अमेरिकेतील इंडियाना राज्यात नोटर डेम हे कॅथलिक ख्रिस्ती विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १८४२ सालची. तेथील बरेच विद्यार्थी आवारातील वसतिगृहांत राहतात आणि प्रत्येक वसतिगृहात एक प्रार्थनामंदिर आहे. म्हणजे झोपणे, जेवणे, शिकणे, प्रार्थना, सारे एकत्र. अशा ठिकाणी साथ शिरली तर काय होईल?

१० ऑगस्ट २०२० रोजी तेथे वर्ग सुरू झाले. त्याआधी सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांची चाचणी झाली होती. बाधित निघाले ३३, म्हणजे हजारी तीनही नाहीत. मुखपट्टी आणि सहा फूट अंतर हे नियमही होतेच. तरीही १८ ऑगस्टपर्यंत बाधितांची संख्या १४७ झाली आणि विद्यापीठाने दोन आठवडे प्रत्यक्ष वर्ग थांबवले.

असे का झाले? एक कारण चाचणीच्या स्वरूपातच आहे. चाचणी म्हणजे त्या दिवसाचे छायाचित्र, उद्याची हमी नव्हे. विषाणू काल शरीरात शिरला असेल तर आजची चाचणी तो दाखवीलच असे नाही. दुसरे कारण, आवाराबाहेर मुखपट्टीविना झालेल्या मेजवान्या. बहुतेक संसर्गाचा माग तेथवर लागला. आणि दोन आठवडेच का? विषाणू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १४ दिवसांपर्यंतचा काळ जाऊ शकतो, असे त्या वेळी धरले जाई. या अवधीत नियमही सुधारले गेले. लक्षणे नसलेल्यांच्याही नियमित चाचण्या होऊ लागल्या. २ सप्टेंबरपासून वर्ग टप्प्याटप्प्याने पुन्हा भरले.

थेंब किती वेळ तरंगतो?

आता सहा फुटांच्या नियमाकडे वळू. बोलताना, गाताना, खोकताना तोंडातून लहानमोठे थेंब उडतात. हवेत पडणारा थेंब लवकरच एका स्थिर वेगाने खाली येऊ लागतो. स्टोक्सच्या नियमानुसार हा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट कमी, तर वेग शंभरपट कमी! शांत हवेत दीड मीटर उंचीवरून खाली यायला लागणारा वेळ साधारण असा:

व्यास १०० मायक्रॉन : ५ ते ६ सेकंद
व्यास १० मायक्रॉन : ८ मिनिटे
व्यास १ मायक्रॉन : सुमारे अर्धा दिवस

(१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.)

मोठ्या थेंबांपासून सहा फूट अंतर बरेच रक्षण करते. पण सूक्ष्म थेंब उदबत्तीच्या धुराप्रमाणे खोलीभर पसरतात. त्यांच्यापुढे नुसते अंतर काय कामाचे? त्यांच्यासाठी मुखपट्टी हवी आणि खोलीतील हवा बदलायला हवी. श्वासावाटे जाणाऱ्या या सूक्ष्म थेंबांचे महत्त्व अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मे २०२१ मध्ये स्पष्टपणे मांडले. मे २०२३ मध्ये खोलीतील हवा तासाला किमान पाच वेळा बदलावी, असे उद्दिष्ट त्याने सुचवले.

दरम्यान लस आली. २०२१-२२ या वर्षासाठी नोटर डेमने विद्यार्थ्यांना ती आवश्यक केली. रोगनियंत्रण केंद्राने बाधितांच्या विलगीकरणाचा काळ २७ डिसेंबर २०२१ रोजी दहा दिवसांवरून पाच केला. संसर्ग बहुतांशी लक्षणांच्या आगेमागे काही दिवसांतच पसरतो, हे त्याचे कारण दिले गेले. त्यावर अनेक डॉक्टरांनी टीका केली. पाच दिवसांनंतरही काहींपासून संसर्ग होऊ शकतो, म्हणून बाहेर पडण्यापूर्वी चाचणी हवी, असे त्यांचे म्हणणे होते.

नियम बदलला म्हणून तो चुकीचा ठरत नाही, आणि नवा आहे म्हणून बरोबरही ठरत नाही. बदल करणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: नवी माहिती कोणती मिळाली? आणि नियम सैल केला, तर त्याची किंमत कोण मोजणार? वसतिगृहातील तरुण मुलगा बहुधा लवकर बरा होईल. भोजनगृहात वाढणाऱ्या वयस्कर बाईंचे तसे सांगता येत नाही.

करून पाहा

१. सकाळी अंधाऱ्या खोलीत कवडसा पडतो. त्यात तरंगणारे धूलिकण पाहा. ते सरळ खाली येतात का?

२. तुमच्या वर्गाची लांबी, रुंदी, उंची मोजा. समजा, वर्ग ८ × ६ × ३.५ मीटर आहे. घनफळ १६८ घनमीटर झाले. तासाला पाच वेळा हवा बदलायची, तर दर मिनिटाला १४ घनमीटर ताजी हवा आत यायला हवी. तुमच्या वर्गासाठी हे गणित करा आणि किती खिडक्या खरोखर उघडतात तेही मोजा!